न वाजलेल्या फोनची रात्र

गाय दिवसभर चरली, संध्याकाळी नेहमीइतके दूध दिले आणि रात्री अकराला गोठ्यात आडवी झाली. कुत्रा सकाळी नीट जेवला, दुपारी झोपला आणि मध्यरात्री पोट फुगून धापा टाकू लागला. दवाखाना बंद झाला की मगच जनावरे आजारी कशी पडतात, हा प्रश्न गोठा असलेल्या घरात आणि तिसऱ्या मजल्यावर कुत्रा पाळणाऱ्या घरात सारखाच विचारला जातो. पनवेल तालुक्यातल्या नेरे गावाच्या आसपास ही दोन्ही घरे एकाच रस्त्यावर सापडतात. पनवेलहून सुकापूरमार्गे माथेरानच्या पायथ्याकडे जाणारा हा रस्ता. कुष्ठरुग्णांच्या पुनर्वसनाचे काम करणारे शांतिवन इथलेच. वर मालडुंगे-धोदाणीकडे ठाकूर-कातकरी वाड्यांवर शेळ्या, कोंबड्या आणि गावठी गुरे. खाली सुकापूर-विचुंब्याच्या इमारतींमध्ये लॅब्रेडोर आणि पर्शियन मांजरे. मधल्या फार्महाऊसवर राखणीचे दांडगे कुत्रे. शिवाय पनवेल परिसरातली बैलगाडा शर्यतींची हौस, जिच्या मागचा कायदा मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. एवढ्या तऱ्हेच्या जनावरांना रात्री बघणारा डॉक्टर नेमके काय करतो, आणि ते करण्यासाठी त्याच्या घराला काय मोजावे लागते, हे समजून घेतले तर एक गोष्ट स्पष्ट होते: ही सेवा एखाद्या डॉक्टरच्या चांगुलपणावर सोडणे हे डॉक्टरइतकेच जनावरालाही महागात पडते. ती पाळी लावूनच चालायला हवी. असे का, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

रात्रच का?

पहिले कारण जनावरापेक्षा आपल्या दिनक्रमात आहे. ज्या प्राण्यांची शिकार होते, ते दुखणे लपवतात. कळपात लंगडणारे जनावर वाघाच्या डोळ्यांत आधी भरते. गाय, शेळी, ससा म्हणूनच अगदी हाताबाहेर जाईपर्यंत उभे राहतात, मांजरही कोपरा धरून बसते. घरची माणसे दिवसभर कामावर. सकाळी सुरू झालेले दुखणे आठ-साडेआठला, सगळे घरी येऊन टेकल्यावर दिसते. मग तासभर ओवा-हिंगाचे पाणी, शेजाऱ्याचा सल्ला आणि ‘बघू सकाळी’ यांत जातो. फोन लागतो तो अकराला. दुखणे दिवसाचेच असते, ते रात्री उघडकीला येते.

दुसरे कारण पचनात आहे. लग्नसराईत पंगतीतला उरलेला भात टाकून कशाला द्यायचा म्हणून गुरांपुढे ठेवला जातो. गाय-म्हशीच्या पहिल्या पोटाला कोटीपोट म्हणतात. मोठ्या जनावराच्या कोटीपोटात शंभर लिटरहून अधिक ऐवज मावतो आणि तिथले अब्जावधी सूक्ष्म जीव गवत-पेंढा सावकाश कुजवून पचवतात. भातातला पिष्टमय भाग त्यांना सावकाश खाता येत नाही. आंबोळीचे पीठ उबेला ठेवले की फसफसून आंबते, तसाच तो भात पोटात आंबतो, फक्त इथे पातेल्यावरचे झाकण काढायला कोणी नसते. आम्ल वाढते, ते पातळ करण्यासाठी शरीर रक्तातले पाणी पोटात ओढते, आणि पोटात पाणी डुचमळत असताना जनावर आतून कोरडे पडत जाते. या सगळ्याला बारा तासांच्या आसपास वेळ लागतो. दुपारच्या पंगतीचा भात म्हणजे मध्यरात्रीचा फोन.

मण्यार तर रात्रीच फिरते, आणि तिच्या दंशाला ना सूज ना फारशी वेदना. सकाळी लुळा पडलेला कुत्रा सापडतो तेव्हा कुठे शंका येते. जनावरांचे विणेही दवाखान्याची वेळ पाळत नाही. त्याविषयी एक गमतीची माहिती आहे, ती शेवटी.

ओरडणारा थांबू शकतो

रात्रीच्या डॉक्टरबद्दल सर्वसाधारण समज असा की तो भराभर काम करतो. वेग लागतोच, पण त्याचे खरे कौशल्य क्रम लावण्यात असते. एकाच वेळी मोटारसायकलखाली पाय सापडून किंचाळणारा कुत्रा आणि लघवी न झाल्याने गप्प पडलेला बोका समोर आले, तर लोकांचे लक्ष किंचाळण्याकडे जाते. डॉक्टर आधी बोक्याकडे वळतो. किंचाळायला फुफ्फुसे आणि मेंदू दोन्ही शाबूत लागतात. बोक्याची मूत्रनळी बारीक, तिच्यात खड्यांचा चुरा किंवा चिकट पदार्थ अडकला की लघवी तुंबते, मूत्रपिंडाने बाहेर टाकायचे पोटॅशियम रक्तात साठते, आणि त्या पोटॅशियमने हृदयाचे ठोके मंदावत एकाएकी थांबू शकतात. एक-दोन दिवसांत खेळ संपतो, तोही आवाज न करता.

क्रम ठरवण्यासाठी लागणारी तपासणी आश्चर्य वाटावे इतकी साधी आहे. श्वास कसा चालला आहे, हिरड्यांचा रंग कोणता, आणि हिरडीवर बोट दाबून सोडल्यावर गेलेली लाली किती वेळात परतते. दोन सेकंदांच्या आत परतली तर रक्त कडेपर्यंत पोचते आहे. त्याहून उशीर लागला, किंवा हिरडी पांढरीफटक, निळसर, विटेसारखी लाल दिसली, तर बाकीचे प्रश्न नंतर. फार्महाऊसवरच्या खोल छातीच्या मोठ्या कुत्र्याचे पोट कधी कधी वायूने फुगून स्वतःभोवती पिळले जाते. फुगलेले पोट शरीराच्या मागच्या भागातून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर दाब देते. हृदय धडधडत राहते, पण पुढे पाठवायला त्याच्याकडे रक्तच येत नाही. मालकाला दिसते ते एवढेच: कुत्रा ओकायचा प्रयत्न करतोय आणि काही पडत नाही. याला ‘अपचन’ समजून सकाळपर्यंत थांबणे म्हणजे कुत्रा गमावणे.

याच्या उलट टोकाला दुग्धज्वर. भरपूर दूध देणारी संकरित गाय किंवा म्हैस व्याल्यानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत रक्तातले कॅल्शियम चिकात आणि दुधात इतक्या झपाट्याने निघून जाते, की हाडांतून ते भरून निघायच्या आत स्नायू काम करेनासे होतात. कान थंडगार, मान पोटाकडे वळलेली, जनावर उठत नाही. शिरेतून कॅल्शियम दिले की पुष्कळदा ती गाय डॉक्टर बॅग आवरेपर्यंत उठून उभी राहते. पशुवैद्यकात इतका झटपट निकाल क्वचितच पाहायला मिळतो, म्हणून तो चमत्कार वाटतो. पण तेच औषध घाईने सोडले तर तेच हृदय बंद पाडते. एका हाताने बाटलीची उंची सांभाळायची, दुसऱ्या हाताने छातीवर नळी धरून ठोके मोजायचे, आणि ठोका अडखळला की धार लगेच थांबवायची. पहाटे दोनला, उजेड अपुरा असताना.

सर्पदंशाचे गणित तर मालकाशी भांडण लावणारे आहे. आपल्याकडचे प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून तयार होते आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर चालते. कुत्रा लहान, म्हणजे औषध थोडे, असे कोणालाही वाटेल. पण प्रतिविषाची मात्रा कुत्र्याच्या वजनावर ठरत नाही, सापाने सोडलेल्या विषावर ठरते. माणसांच्या उपचारांसाठी आपल्या देशात जे हिशेब वापरतात त्यात घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते असे धरतात, आणि १० मिलिलिटरची एक कुपी साधारण ६ मिलिग्रॅम निष्प्रभ करते. पाच किलोच्या कुत्र्यात विष तेवढेच गेले असेल तर गरज कमी होत नाही. उलट छोट्या देहात ते जास्त दाट पसरते. विषाने रक्त बिघडवले आहे का हे ठरवायला महाग यंत्र लागत नाही. कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरपी करायची. रक्त गोठले नसेल तर रक्ताची गोठण्याची यंत्रणा विषाने संपवली आहे. ही परीक्षा नेऱ्यातल्या गोठ्यात कंदिलाच्या उजेडातही होते. पुढचा प्रश्न मात्र नळीत सुटत नाही: कुप्या किती आणायच्या, आणि पैसे कोण देणार.

चौकट: फोनवर आधी काय सांगावे

जनावर कोणते, वय आणि अंदाजे वजन किती. श्वास नीट आहे का, हिरड्यांचा रंग कसा. शेवटचे खाणे, पाणी, शेण आणि लघवी कधी. गाभण आहे की नुकतीच व्याली आहे. कोणते औषध दिले आहे. माणसांची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला दिली असेल तर तेही लाज न बाळगता सांगावे, कारण मांजराला ती जीवघेणी ठरते. आडव्या पडलेल्या गुराला उशीसारखा पेंढा लावून छातीवर बसते करावे, एका कुशीवर पडू देऊ नये. तोंडातून तेल किंवा काढा ओतू नये, तो फुफ्फुसात जातो. साप चावल्याच्या जागी चिरा देऊ नयेत, दोरीने आवळू नये. माकड, कोल्हा, घुबड असा वन्य जीव जखमी सापडला तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक.

जागेपणाचा हिशेब

एवढे बारीक निर्णय ज्या डोक्याने घ्यायचे, ते डोके कोणत्या अवस्थेत असते? झोपेवर संशोधन करणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड यांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये दाखवले, की सलग सतरा तास जागा असलेल्या माणसाचे हात आणि लक्ष, रक्तात १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतके ढिले पडते. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. सकाळी सहाला उठून दिवसभर दवाखाना चालवणारा डॉक्टर रात्री अकराला फोन आल्यावर जेव्हा गाडी काढतो, तेव्हा कोणत्याही पोलीस तपासणीत निर्दोष ठरेल. पण कॅल्शियमची बाटली धरायला तो निर्दोष आहे का, हा प्रश्न उरतोच.

यावर सहज येणारे उत्तर असे: नेऱ्यासारख्या ठिकाणी रोज रात्री फोन थोडाच येतो? आठवड्यातून दोन आले तर बाकीच्या पाच रात्री तर झोप मिळतेच. इथेच सगळ्यांचा हिशेब चुकतो. स्वीडनमधल्या टॉर्सवाल आणि ओकरस्टेट या संशोधकांनी जहाजांवरच्या इंजिन-अभियंत्यांच्या मेंदूच्या लहरी झोपेत नोंदवल्या, आणि निष्कर्ष १९८८ मध्ये प्रसिद्ध केले. ज्या रात्री गजर वाजला तर उठायचे अशी जबाबदारी होती, त्या रात्री झोप कमी झाली, गाढ झोप घटली, नाडी जलद राहिली. आणि हा फरक गजर वाजण्याच्या आधीपासूनच दिसत होता. म्हणजे फोन वाजला नाही तरी रात्र खर्ची पडते. उशाशी ठेवलेला फोन हेच काम आहे. फोनची संख्या मोजून डॉक्टरच्या श्रमाचा अंदाज बांधणारा शेतकरी, ग्रामपंचायत किंवा सरकार, तिघेही चुकीची गोष्ट मोजत असतात.

घरात काय काय येते

आता घराकडे. डॉक्टरचा फोन ज्या खोलीत असतो, त्याच खोलीत बहुधा दुसरेही कोणी झोपलेले असते. छोट्या खाजगी दवाखान्यात रात्री मदतनीस नसतो. कुत्र्याला भूल दिल्यावर श्वास मोजायला, दिवा धरायला, हिशेब लिहायला नवरा किंवा बायको उठते. फोनवर ‘साहेब बाहेर गेलेत, तोवर तिला बसती करून ठेवा’ हे सांगणारा आवाजही घरच्याचाच असतो. या माणसाचे नाव कोणत्याही नोंदवहीत नाही आणि त्याला मोबदलाही नाही. तातडीच्या सेवेचा अर्धा कणा असा फुकटात वापरला जातो, हे आपण मान्यच करत नाही.

घरात केवळ अपुरी झोप येत नाही, रोगही येतो. अडलेली वार हाताने काढताना ब्रुसेलाचे जंतू डॉक्टरच्या त्वचेतून, डोळ्यांतून शिरतात आणि महिनोन्‌महिने चढउतार करणारा ताप, सांधेदुखी मागे लावतात. पावसाळ्यात लेप्टो जनावरांच्या मूत्रातून पसरतो. पिसाळलेल्या गुराला घशात काही अडकले आहे असे समजून तोंडात हात घालणे, ही या व्यवसायातली जुनी आणि भीषण चूक. म्हणून पशुवैद्य रेबीजची लस चावण्याआधीच घेतात. गर्भवती पशुवैद्य स्त्रीला तर क्ष-किरण, भुलीचा वायू, ब्रुसेला आणि गुरांना माजावर आणण्याची प्रोस्टाग्लँडिनची इंजेक्शने या सगळ्यांपासून दूर राहावे लागते, कारण त्या औषधाचा चुकून त्वचेवर सांडलेला थेंबही गर्भाला घातक ठरू शकतो. एकच डॉक्टर सगळ्या रात्री सांभाळत असेल तर ती हे ‘दूर राहणे’ कोणाच्या भरवशावर करणार?

आणि पैशाचा प्रश्न, जो मी वर अर्धवट सोडला. दहा कुप्यांची गरज आणि दोन कुप्यांची ऐपत, यांत निर्णय मालकाचा असतो, पण तो बोलून दाखवावा लागतो डॉक्टरला. वाचू शकणारे जनावर केवळ खर्चामुळे मरताना पाहणे, किंवा त्याला शांत मरण देणे, हे काम करून तो माणूस पहाटे घरी येतो आणि मुलांचा डबा भरतो. अमेरिकेत १९७९ ते २०१५ या काळातल्या पशुवैद्यांच्या मृत्यूंच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०१९ मध्ये आला. त्यात आत्महत्येचे प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत पुरुष पशुवैद्यांत सुमारे २.१ पट आणि स्त्रियांत ३.५ पट आढळले. ते आकडे जसेच्या तसे रायगड जिल्ह्याला लावता येणार नाहीत, आणि त्यामागे एकटी रात्रपाळी आहे असेही म्हणता येणार नाही. पण हा व्यवसाय प्राण्यांवर प्रेम करणाऱ्यांचा सुखाचा व्यवसाय आहे, या समजुतीला मात्र त्यांनी कायमचा तडा दिला आहे.

पाळीवरचे आक्षेप

पनवेल, नवीन पनवेल, सुकापूर या पट्ट्यात व्यवसाय करणाऱ्या सहा डॉक्टरांनी एकच रात्रीचा क्रमांक ठेवला आणि तो पाळीपाळीने घेतला, तर प्रत्येकाच्या वाट्याला सहातली एक रात्र येते आणि उरलेल्या पाच रात्री फोन खरोखर बंद ठेवता येतो. वरच्या स्वीडिश अभ्यासाच्या उजेडात पाहिले तर खरा फायदा या पाच रात्रींत आहे. ब्रिटनमध्ये व्यवसायाच्या नियामक संस्थेने चोवीस तास तातडीच्या उपचारांची सोय बंधनकारक केली आहे. पण ती सोय स्वतः करण्याचे बंधन नाही, दुसऱ्याशी करार करून ती देता येते. म्हणूनच तिथे केवळ रात्रीच चालणारे दवाखाने उभे राहिले.

‘आमचा डॉक्टर आमच्या गाईला ओळखतो, परका काय करणार?’ हा आक्षेप भावनेने खरा आहे. पण रात्रीचे काम म्हणजे संपूर्ण उपचार नव्हे. जनावर सकाळपर्यंत जगेल असे करणे. त्यासाठी लागणारा इतिहास गोठ्यातल्या खुंटीला टांगलेल्या एका वहीत मावतो: वेताच्या तारखा, लसी, आधीची औषधे. ‘सरकारी गाडी आहे ना’ हा दुसरा आक्षेप. १९६२ या क्रमांकावर फिरती पशुवैद्यकीय पथके मिळण्याची योजना चांगलीच आहे, पण केंद्राचे प्रमाणच एक लाख जनावरांमागे एक पथक असे आहे. तेही वाजवी अपेक्षेपेक्षा विरळ: राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ मध्येच पाच हजार गुरांमागे एक पशुवैद्य सुचवला होता. तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो सगळ्यांत वजनदार. वाट पाहण्याचे पैसे कोण देईल? माझ्या मते ते रात्रीच्या रुग्णाकडून वसूल करू नयेत, नाहीतर गरीब मालक फोनच करणार नाही. ते गृहनिर्माण संस्था आणि दूध संकलन केंद्रे यांनी वर्षाला थोडी वर्गणी म्हणून भरावेत. फोन वाजला तरी, नाही वाजला तरी.

एक अडचण मात्र पाळीनेही सुटत नाही. कुत्रा रिक्षातून पनवेलला नेता येतो, आडवी म्हैस धोदाणीहून खाली आणता येत नाही. पावसात गाढी नदीला पूर आलेला असताना डॉक्टरलाही वर जाता येत नाही. गुरांसाठी म्हणून पाळी फिरती हवी, आणि वाडीजवळचा पहिला माणूस बहुधा पशुधन पर्यवेक्षकच असणार. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार किरकोळ उपचार तो नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली करू शकतो. रात्री फोनवर असलेला पाळीचा डॉक्टर ही देखरेख ठरावी, एवढी स्पष्टता नियमांत आणली तरी पुष्कळ काम हलके होईल.

आणि आता विण्याची गोष्ट. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातल्या गस कोनेफाल या पशुपालकाच्या १९७० च्या दशकात लक्षात आले, की गाभण गायींना दिवसाचा शेवटचा चारा रात्री उशिरा घातला तर बहुतेक वासरे दिवसा जन्मतात. त्याच्याकडे हे प्रमाण सुमारे ८० टक्के होते. पुढे अमेरिकेतल्या आयोवात पंधरा गोठ्यांतल्या तेराशेहून अधिक गायींना सांजवेळी चारा दिला, तेव्हा ८५ टक्के गायी सकाळी सहा ते संध्याकाळी सहाच्या दरम्यान व्यायल्या. त्या मांसासाठी पाळलेल्या, थंड हवेतल्या गायी होत्या. दोन वेळा पिळल्या जाणाऱ्या मुऱ्हा म्हशीत हे तितकेच घडेल असे नाही. पण पेंढ्याची शेवटची पेंडी सहाऐवजी नऊला सोडून पाहायला आणि विण्याची वेळ वहीत लिहून ठेवायला काही खर्च येत नाही. दोन-तीन हंगामांच्या अशा नोंदी नेरे परिसरातल्या पंधरा-वीस गोठ्यांतून जमल्या, तर पाळीच्या डॉक्टरांना रात्री किती माणसे लागतील हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही.